झाडलेलं पीठ

पहिली तक्रार आईनं भिंतीबद्दल केली.

"तुझ्या अप्पानं चुन्यात काय कालवलंय कुणास ठाऊक. सैपाकघराची भिंत पिवळी मारतीया."

मी पुण्यात प्रयोगशाळेत होते. फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरून एका हातानं काचेची नळी हलवत होते. मागून अप्पांचा आवाज आला, "पांढरीफेक हाय भिंत! चष्मा बदल म्हणावं हिला."

पुढच्या आठवड्यात भाकरी पिवळी झाली. "यंदाचा जोंधळाच तसला आलाय का गं?" त्याच्या पुढच्या आठवड्यात अप्पांचं धोतर, दूध आणि विभूतीसुद्धा. "लगीनघरात आल्यावानी वाटतंय बग, समद्याला हळद लागलीया," आई म्हणाली आणि स्वतःच हसली. मीही हसले. मोतीबिंदू असेल, दाखवून घे, असं सांगून मी फोन ठेवला. माझ्या नावामागे डॉक्टर लागतं ते औषधं बनवण्यासाठी, पण पिवळं दिसणं कशाचं लक्षण असतं हे मला पाठ होतं. आईच्या बाबतीत ते आठवलं नाही. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

मी शैलजा उंबरजे. बार्शीत आमच्या अप्पांची पिठाची गिरणी आहे. आमच्या भागात अशा चार गिरण्या. लहानपणी मी डोळे मिटून सांगायची की आत्ता कुठली चालू आहे. अप्पांची गिरणी गळा काढून ओरडायची, चौकातली खर्जात घुमायची, शाळेजवळची मध्येच किंचाळायची आणि वेशीजवळची खोकायची. हे सगळे आवाज बेरिंगचे. दगड फिरवणारा लोखंडी दांडा ज्या कड्यात फिरतो ते कडं कोरडं पडलं की ओरडतं. मग अप्पा बोटावर ग्रीस घेऊन ते भरायचे, आणि दोन दिवस पिठात काळी रेघ यायची.

ही ओरड मी बंद केली. मी आणि तन्वीरनं.

खरं तर मला बेरिंगशी काही देणंघेणं नव्हतं. मला मधुमेहाच्या माणसांची सुई घालवायची होती. इन्शुलिन गिळून चालत नाही, कारण पोट त्याला डाळभातासारखंच पचवून टाकतं. त्यातून वाचलंच, तरी आतड्याची भिंत त्याला आत घेत नाही. त्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, आणि इन्शुलिनचा कण त्या फटीतून जाण्याइतका बारीक नसतो. मी ते इन्शुलिन तेलाच्या अतिसूक्ष्म थेंबात बंद केलं. तेल आणि पाणी एकत्र नांदायचं तर मध्ये एक मध्यस्थ लागतो, ज्याचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला. एरंडाच्या तेलापासून मी असा एक रेणू तयार केला आणि त्याला सेतू म्हटलं. सेतू थेंबाला सांभाळायचा, आतड्यापर्यंत न्यायचा आणि तिथे पेशींमधला सांधा चाळीस मिनिटं सैल करायचा. तेवढ्यात इन्शुलिन आत जायचं. मग आतड्यातले पाचक रस सेतूचे तुकडे करायचे आणि सांधा पुन्हा घट्ट व्हायचा. दार उघडायचं आणि आपलं आपण लागायचं.

तन्वीर इनामदार मिरजेचा, यंत्रांचा माणूस. आमचे पंप सांभाळायला आला आणि भागीदार झाला. एकदा माझ्या हातून सेतू घातलेलं तेल पंपावर सांडलं, आणि वर्षभर कण्हणारा तो पंप गप्प झाला. तन्वीरनं कान लावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. वनस्पती तेल वंगण म्हणून टिकत नाही, उष्णतेनं चिकट होतं आणि कड्यावरून ओघळून जातं. पण सेतूचं पाण्याला धरणारं टोक पोलादालाही घट्ट धरून बसलं होतं. वर तेलाचा पातळ थर राहिला, तो निघता निघेना.

त्याचं आम्ही 'स्निग्धा' केलं. दोन हजार एकोणचाळीस साली खाद्यपदार्थांच्या यंत्रांत खनिज ग्रीस वापरायला बंदी आली, तेव्हा बाजारात आमच्याखेरीज कुणीच नव्हतं. दोन वर्षांत अकरा हजार गिरण्यांत स्निग्धा गेलं. मंजुरीच्या अर्जात सुरक्षिततेचा रकाना मी भरला. लिहिलं, 'औषधाविना हे तेल म्हणजे रिकामी गाडी. पोटात गेल्यास निरुपद्रवी.' खाली सही माझी.

अप्पांचा तर ऊर भरून आला होता. गिरणीवाल्यांच्या प्रत्येक मेळाव्यात ते उभे राहायचे, खिशातून भाकरीचा तुकडा काढायचे, स्निग्धात बुडवायचे आणि सगळ्यांसमोर खायचे. "लेकीचं तेल हाय. वंगणाचं वंगण आन् कालवणाचं कालवण!" लोक टाळ्या वाजवायचे. अप्पांना कसलाच आजार नव्हता, कसली गोळी नव्हती. त्यांना काही झालं नाही.

आईला हृदयासाठी एक जुनी, स्वस्त गोळी होती. हृदयाचे ठोके सावकाश आणि जोरकस करणारी. आठवड्यातून पाच दिवस घ्यायची, शनिवार-रविवार नाही. "सायबावानी माज्या गोळीलाबी दोन दिस सुट्टी," असं ती म्हणायची, आणि रोज गोळी घेतली की कॅलेंडरवर पेन्सिलनं फुली मारायची. ह्या औषधाचं असं असतं, की पुरेसं आणि जास्त ह्यात अगदी थोडं अंतर.

चौथ्या आठवड्यात अप्पांचा फोन आला. "ती जेवंना झालीया. उलट्या काढतीया. तू ये."

मी दुपारी पोचले. आई भिंतीला टेकून बसली होती आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तूबी पिवळीच." मी मनगट हातात घेतलं. नाडी बेचाळीस. मध्येच एखादा ठोका गायब. पाठ असलेलं सगळं एकदम आठवलं: तिच्या गोळीचं औषध रक्तात जास्त साठलं की जग पिवळं दिसतं आणि नाडी मंदावते.

आम्ही तिला सोलापूरला दवाखान्यात नेलं. रक्तात औषध हवं त्याच्या अडीचपट निघालं. तरुण डॉक्टर समजुतीनं बोलला, "आजी, विसरून दोनदा घेतली गेली असेल गोळी. होतं असं या वयात."

आईनं तोंड फिरवलं. अप्पांना म्हणाली, "घरनं क्यालेंडर आन."

अप्पांनी खरंच आणलं. फुल्या आणि पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मी जुळवून पाहिल्या. एकही जास्त गेलेली नव्हती. डॉक्टरनं मान हलवली, पण कागदावर 'चुकून जादा मात्रा' असंच लिहिलं. आईला ते फार लागलं. "मी काय खुळी हाय व्हय गं?" तिनं दोनदा विचारलं.

दवाखान्यात आठ दिवसांत ती टुणटुणीत झाली. भिंती पांढऱ्या झाल्या. औषध अर्ध्यावर आणून तिला घरी सोडलं, आणि पुढच्या आठवड्यात नाडी पुन्हा सत्तेचाळीस. दवाखान्यात बरी आणि घरी आजारी. मग घरात असं काय होतं?

सकाळी मी स्वयंपाकघरात तिच्याजवळ बसले. आईनं फडताळातून पत्र्याचा डबा काढला आणि परातीत पीठ घेतलं. किंचित करडं, उग्र वासाचं.

"हे कुठलं पीठ?"

"आपलंच. झाडलेलं."

मला हे ठाऊक होतं, तेच पीठ खाऊन मी वाढले होते. दिवसभर गावाचं दळण झालं की गिरणीच्या पोटात, कापडी बाहीत, दांड्याभोवती थोडं थोडं पीठ अडकून राहतं. संध्याकाळी अप्पा ते मऊ कुंच्यानं झाडून डब्यात भरतात, आणि गिरणीवाल्याच्या घरी त्याचीच भाकरी होते. आमच्या आजीच्या सासूपासूनची रीत. ह्या डब्यात गावातल्या प्रत्येक घराची चिमूट असते, म्हणून ते टाकायचं नाही. कितीही खराब झालं तरी नाही. आमच्या घरात दूध सांडलं तर कुणी ओरडत नव्हतं, पीठ सांडलं तर पाठीत धपाटा बसायचा.

आणि दांड्याभोवतीचं पीठ म्हणजे बेरिंगच्या तोंडचं पीठ. तिथून पाझरणारं सगळं तेल त्यात मुरलेलं. गिऱ्हाइकांच्या डब्यात नखभर जात असेल तर आमच्या डब्यात चमचाभर.

मी अप्पांच्या बेरिंगमधलं सात महिने फिरलेलं तेल बाटलीत काढलं, डब्यातलं मूठभर पीठ घेतलं आणि त्याच दुपारी पुण्याला निघाले.

उत्तर मिळायला तीन दिवस लागले. ताज्या तेलातला सेतू आतड्याचं दार चाळीस मिनिटं उघडतो, हे मी शंभर वेळा तपासलं होतं. पण फिरत्या बेरिंगमध्ये महिनोन् महिने तापलेल्या तेलात सेतूचे रेणू एकमेकांत गुंतून लांब साखळ्या झाल्या होत्या, आणि ह्या साखळ्या पाचक रसांना तुटत नव्हत्या. मी आतड्याच्या पेशींचा पातळ पडदा त्या तेलात ठेवला. चाळीस मिनिटं झाली, दार उघडंच. रात्र गेली, सकाळ झाली, दुसरा दिवस मावळला, उघडंच. जे एरवी आतडं बाहेर ठेवतं ते सगळं सरळ आत. आईची गोळी तर अशी, की तिचा मोठा वाटा आतडं परत ढकलतं आणि डॉक्टर मात्रा ठरवताना ते गृहीत धरतात. आता परत ढकलणारं कुणी नव्हतं.

मी रिकामी गाडी म्हटलं होतं. पण दार उघडं टाकून उभी असलेली गाडी रिकामी राहत नाही. वाटेत जे भेटेल ते चढतं.

तन्वीरनं आकडे पाहिले आणि पुन्हा पहिल्यापासून पाहिले.

"फक्त आईची गोळी नाही," मी म्हटलं. "भाजीवरची फवारणी. विहिरीच्या पाण्यातलं फ्लोराइड. गुडघेदुखीच्या गोळ्या. पोटात जे काही येईल ते. अकरा हजार गिरण्या, तन्वीर."

"कळतंय मला."

"मग आजच कळवू."

त्यानं चष्मा काढून पुसला. त्याची सहा वर्षांची सिमीन जन्मापासून मधुमेही. दिवसाला चार सुया. चाचणीतले आमचे इन्शुलिनचे थेंब सुरू झाल्यापासून सहा महिने तिला एकही टोचली नव्हती. "शैला, शुक्रवारी थेंबांच्या मंजुरीची बैठक आहे. आठ दिवस. थेंबांतलं तेल ताजं असतं, त्यात काही दोष नाही, तू स्वतः म्हणतेस. पण आज सेतूचं नाव खराब झालं तर ताजं आणि जुनं असा फरक करत कोण बसणार आहे? सरसकट बंदी येईल. सिमीनसारखी लाखभर पोरं पुन्हा सुईवर. आठ दिवस थांब. शनिवारी सकाळी मी स्वतः तुझ्याबरोबर सही करतो."

त्याचं म्हणणं मला पटलं नाही असं मी सांगणार नाही. मला पटलं. शिवाय त्या रकान्याखाली सही माझी होती, आणि आठ दिवस ती कुणी वाचू नये असं मलाही वाटत होतं. सिमीनचं नाव पुढे करून मी स्वतःला झाकलं.

आईपुरता बंदोबस्त मी केला. अप्पांना सेतू न घातलेलं साधं एरंडेल पाठवलं, आठवडाभर तेवढं चालणार होतं, आणि सांगितलं, "नवीन प्रयोग आहे, आठवडाभर हे वापरा. बेरिंग धुऊन घ्या." लेकीचा प्रयोग म्हटल्यावर अप्पांनी प्रश्न विचारला नाही. मग आईला फोन केला.

"ते झाडलेलं पीठ आता खाऊ नकोस. टाकून दे."

"का गं?"

इथे मी थांबले. तीन शब्द बोलायचे होते. माझ्या तेलामुळं, आई.

"शिळं असतं ते. सांदीकोपऱ्यातलं. तुझ्या पोटाला बरं नाही."

"इतकी वर्सं बरं व्हतं की."

"ऐक माझं. ताजं दळून खा."

"बरं बाई," ती म्हणाली. "तुजं ऐकते."

सोमवारी अप्पा म्हणाले, नाडी साठ. मंगळवारी डॉक्टरनं वरवर तपासणी केली आणि चूक आजींचीच होती, आता नीट घेताहेत असं समजून गोळी पुन्हा पूर्ण केली. मला ते बुधवारी कळलं. एका परीनं बरोबरच होतं. पीठ बदललं होतं, आतड्याची भिंत पाच-सहा दिवसांत नवी होते, आता पूर्ण गोळी चालायला हवी. मी बोटांवर दिवस मोजले आणि गप्प राहिले.

शुक्रवारी दुपारी बारा वाजता थेंबांना मंजुरी मिळाली. तन्वीर बैठकीच्या बाहेर येऊन लहान मुलासारखा रडला. कुणीतरी पेढ्यांचा खोका उघडला. माझ्या हातात पेढा होता तेव्हा फोन वाजला.

"शैला," अप्पा म्हणाले. मागे बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता. त्यावरून मला कळलं.

तव्यावर भाकरी टाकता टाकता ती खाली बसली, मग आडवी झाली. भाकरी तशीच जळली.

आमच्या लिंगायत रीतीनं तिला शेताच्या बांधाला समाधी दिली. बसवलेल्या देहावर भस्माची शेवटची मूठ टाकताना मला वाटलं, आत्ता सांगावं, इथेच. सांगितलं नाही. शनिवारी सकाळी सही करायची होती, तो शनिवारही तसाच गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी फडताळ आवरायला घेतलं. पुढे ताज्या पिठाचा स्टीलचा डबा होता, जवळजवळ भरलेला. मागे, जुन्या पातेल्याखाली झाकलेला, तोच पत्र्याचा डबा. मी झाकण काढलं. तळाला बोटभर पीठ उरलं होतं. मी पुण्याला गेले तेव्हा तो डबा गळ्यापर्यंत भरलेला होता.

मी बाहेर येऊन अप्पांना विचारलं, "आई कुठल्या पिठाची भाकरी करायची?"

"मला ताज्या पिठाची. 'शैलानं सांगितलंय' म्हणायची."

"आणि स्वतःला?"

अप्पा विचारात पडले. "ती नंतर जेवायची की. चार दिस ताज्याचीच खाल्ली, मंग नाडी सुधारल्यावर म्हणाली, आता डब्यातलं हाय तेवडं संपवते. मी म्हटलं, टाक की. तर माज्यावरच डाफरली. गावाचा घास हाय, शिळा म्हणून काय टाकत्यात व्हय?"

मी उंबऱ्यावर बसले. मला ती चांगली ठाऊक होती. जन्मभर तिच्या हातचं पीठ टाकलं गेलेलं मी पाहिलेलं नव्हतं. शिळं आहे म्हणून ती टाकेल, हा विचार मी कुठल्या तोंडानं केला?

दुपारी शेजारच्या सरूबाई ताट घेऊन आल्या. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे जेवण आणतात. भाकऱ्या, पिठलं, मिरचीचा ठेचा. आणखी चार बायका होत्या. दोन दिवस अप्पांनी काही खाल्लं नव्हतं. सरूबाईंनी आग्रह करकरून त्यांच्या हातात भाकरी दिली.

"कुठल्या गिरणीचं दळण आहे हे?" मी विचारलं.

सरूबाई चमकल्या. "चौकातल्या. तुमची बंद हाय म्हणून तिकडनं आनलं."

अप्पांनी तुकडा मोडला.

"खाऊ नका, अप्पा."

सगळं घर माझ्याकडे बघू लागलं. मग मी सांगितलं. तेलाचं, दाराचं, डब्याचं. तन्वीरचं आणि आठ दिवसांचं. माझ्या सहीचं. शास्त्र कुणाला किती कळलं असेल मला माहीत नाही. सरूबाईंना आपल्या नवऱ्याच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या आठवल्या असाव्यात, कारण त्यांनी ताट पटकन आपल्याकडे ओढून घेतलं.

अप्पा तुकडा हातात धरून बसले होते. मग बोलले, आवाज न चढवता.

"तिला शिळं म्हनून सांगितलंस. माज्या तेलानं तू मरशील, एवडं सांगितलं असतंस तर तिनं ते खाल्लं नसतं. पीठ तिनं तरीबी टाकलं नसतं. पन खाल्लं नसतं."

त्यांनी तुकडा ताटात परत ठेवला, उठले आणि आतल्या खोलीत गेले. तिथल्या कोपऱ्यात मेळाव्यांतून मिळालेल्या शाली रचून ठेवलेल्या होत्या. ते त्यांच्याकडे पाठ करून बसले. माझ्याशी ते त्यानंतर बोललेले नाहीत.

मी तिथेच बसून फोनवर सगळं लिहिलं, प्रयोगाचे आकडे जोडले आणि मंजुरी देणाऱ्या खात्याला पाठवलं. तन्वीरलाही पाठवलं. त्याचा काही निरोप आला नाही. खात्याचा लगेच आला, यंत्रानं धाडलेला. आपला अर्ज मिळाला आहे, कामकाजाच्या पाच दिवसांत त्यावर विचार होईल.

पाच दिवस. मी चपला घालून रस्त्यावर आले. म्हटलं, निदान आमच्या भागातल्या उरलेल्या तीन गिरण्या तरी हातापाया पडून आज बंद करू. आधी जी चालू असेल तिथे जावं म्हणून मी कोपऱ्यावर थांबले, लहानपणासारखे डोळे मिटले आणि कान दिला.

काहीच ऐकू आलं नाही. खर्जातलं घुमणं नाही, किंचाळणं नाही, खोकला नाही. सायकलची घंटा, कुठे तरी कपडे आपटल्याचा आवाज. स्निग्धा इतकं चांगलं तेल होतं.

मी डोळे उघडले. समोरून एक बाई डोक्यावर डबा घेऊन येत होती. पीठ अजून गरम असावं, तिनं डब्याखाली पदराची घडी ठेवली होती.